काट्यात दोष नाही

३ मार्च, सकाळी ७.१०
घाबरायचं नाही, असं ठरवलं आहे. लेकीचं, आमच्या ढब्बूचं, वजन महिन्यात दोन किलो उतरलं, असं बाथरूममधला काटा म्हणतो. बायको रडली. मी नाही. बावीस वर्षं दुकानादुकानांतले काटे तपासून शिक्का मारतो आहे; कुठल्याही काट्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवत नसतात. ऑफिसातली प्रमाणित वजनं घरी आणून तपासला. बरोबर. पुन्हा तपासला. बरोबर. नोकरीत पहिल्यांदाच बरोबर काट्याचा राग आला.
संकल्प: जेवताना ढब्बूच्या ताटाकडे बघायचं नाही.

दुपारी २
बघितलं. अर्धं अंडं. तेही कडेला सरकवलेलं.

६ मार्च
सुटलो! मोबाईलवर एक लेख सापडला. आदिमानवाच्या काळी दुष्काळ पडला की काही जणांची भूकच मरायची म्हणे, आणि पायांना चैन पडायची नाही. चालत सुटायचे, नवा मुलूख शोधायचे, अख्खा कळप वाचायचा. ढब्बू दिवसातून चाळीस वेळा जिना चढते-उतरते. म्हणजे पोरगी आजारी नाहीच, वाटाडी आहे! शेवटी ‘हा केवळ एक अंदाज’ असं काहीतरी होतं. बारीक अक्षरात होतं, सोडून दिलं.
उत्क्रांतीचं एक बरं असतं. चूक लाखो वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी असते.

८ मार्च
प्लॅन पक्का. नवा मुलूख सापडला की भूक परत येणार, तर मुलूख ओट्यावरच मांडू. केळी, सफरचंदं, पाव, लोणी, सुकामेवा. ती दारात आली, पांढरीफटक पडली आणि खोलीत जाऊन कडी लावून बसली. मी ओट्याशी उभ्याउभ्या सहा केळी खाल्ली. नासाडी नको म्हणून. भीतीचा काही संबंध नाही.

११ मार्च
मेहुणी आली होती. नर्स असल्यामुळे तिला सगळंच कळतं. म्हणाली, भावजी, हे मनाचं दुखणं आहे, ताबडतोब डॉक्टरकडे न्या, आणि आधी तिला ढब्बू म्हणणं बंद करा. म्हटलं, लाडाचं नाव आहे, चार वर्षांची असताना गुटगुटीत होती म्हणून पडलं. तर म्हणते, आता ती सोळाची आहे. शिवाय दर रविवारी सगळ्यांना काट्यावर उभं करून भिंतीवरच्या तक्त्यात आकडे कोण लिहितं? मी लिहितो, शिस्त म्हणून. शंभरात अठ्ठ्याण्णव पडले की दोन कुठे सांडले, हेही मीच विचारतो. कुठला बाप विचारत नाही?
मानसशास्त्राचं हेच वाईट. फिरून फिरून आपल्याच घरात येतं.
डॉक्टर पुढच्या महिन्यात. उगाच बाऊ नको.

१४ मार्च
बायकोला झोप नाही. तिच्यासाठी काट्याचं खालचं चाक जरासं फिरवून किलोभर पुढे लावला. याच कामासाठी मी दुकानदारांना दंड करतो. पण ते नफ्यासाठी करतात. मी घरासाठी.

१६ मार्च, रविवार
पाऊण किलो वाढ! तक्त्यात लाल पेनने लिहिलं. बायको किती दिवसांनी हसली. मलाही इतका आनंद झाला की चाक मीच फिरवलं होतं, हे दुपारपर्यंत विसरलो. एक किलो दिसायला हवा होता, पाव कुठे गेला, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. ढब्बू आकडा बघून काहीच बोलली नाही. समजूतदार आहे.

२० मार्च, दुपारी १
शाळेतून फोन. जिन्यात चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात नेलंय. स्कूटर सुरू होईना. किल्लीच लावली नव्हती.

दुपारी ४
इथला काटा आमच्या काट्यापेक्षा दोन किलो कमी दाखवतो. सवयीने शिक्का बघितला. मुदतीतला होता. माझाच होता.
डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके फार मंद पडलेत, इथेच ठेवावं लागेल. मी आदिमानवाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, असेलही, नेमकं का होतं हे कुणालाच पुरतं ठाऊक नाही. पण आज तिला भीती कशाची वाटते, ते तिलाच विचारा.
विचारलं. म्हणाली, बाबा, रविवारी वजन वाढलेलं दिसलं ना, मी इतकी घाबरले की दूधही बंद केलं.
पाचावर धारण बसली. चाकाचं सगळं सांगून टाकलं, बायकोसमोरच. बायको भिंतीकडे बघत राहिली. लेकीचा चेहरा मात्र खुलला. म्हणाली, म्हणजे मी वाढलेच नव्हते? तिला बरं वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

२२ मार्च, सकाळी ८.३०
काटा घराबाहेर काढला. तक्ताही. लाडाचं नावही, पण ते अजून दिवसातून दोन-तीनदा तोंडात येतं.
नर्सने वाटीभर सूप दिलंय. लेकीची अट एकच, बाबांनी बघायचं नाही. म्हणून खिडकीकडे तोंड करून हे लिहितो आहे. घाबरलो आहे. तीन मार्चलाही घाबरलो होतो.
मागे चमचा वाजतोय. घास मोजायचे नाहीत, असं डॉक्टरबाईंनी मला बजावलं आहे. नाही मोजणार.
तीन.