झुंबरकाकांचा कान

सातपूर, नाशिक
३ मार्च २०२५

चि. दिशा हीस,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोळ्यांची पट्टी मी गटारात टाकली, त्याची खरी किंमत आज बसून काढली. पट्टीवर छापलेली सोड, ती चिल्लर. त्यापायी तू बॅग भरून मनमाडला आत्याकडे गेलीस. तुझी काकू एकोणीस दिवस माझ्याशी भाजी-भाकरीपुरतं बोलते. डिप्लोमाच्या शेवटच्या पेपरांना सात आठवडे उरलेत. पुस्तकं इथे, तू तिथे. आणि लक्ष लागत नाही म्हणून मोबाईल आत्याच्या कपाटात ठेवलास, त्यामुळे वीस वर्षांनी मला पोस्टाच्या पेटीपर्यंत चालावं लागलं. गुडघ्याचा हिशेब वेगळा.

पण माझंही ऐक. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी लक्ष लागत नाही म्हणून गोळी दिली, आणि मेडिकलवाला म्हणतो ही उत्तेजक आहे, चिठ्ठीशिवाय मिळायची नाही. मी म्हटलं, पोरीचं डोकं आधीच दहा दिशांना पळतंय. पळत्या मोटारीला कोणी व्होल्टेज वाढवून देतं का? कॉइल जळेल की! बत्तीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरतोय. एक पक्कड घेऊन या शहरात आलो, आज माझ्या दुकानात सहा माणसं आहेत, ती याच कानाच्या जिवावर. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटारीला, एक कानाला, की बेअरिंग गेलंय का वाइंडिंग, सांगून मोकळा. माणसांचंही तेच. तुझा बाप मालेगावहून फोन करायचा, तर पहिल्याच शब्दाला मी ओळखायचो, आज घेतलेली आहे. हा कान अजून चुकलेला नाही.

तेव्हा हट्ट सोड आणि परत ये. गोळीबिळी काही नको, मी रोज मागे लागून अभ्यास करून घेईन.

लोभ आहे तो असू दे, आणि पत्राला पत्र पाठव.
तुझा काका,
झुंबर

*

मनमाड
९ मार्च २०२५

ती. काकांना,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. यशोदाआत्या म्हणते, झुंबऱ्याचं अक्षर अजून बिलबुकातल्यासारखंच आहे. हे उत्तर मी चार दिवसांत सहा बैठकांत लिहिलं. मध्ये आत्याची डाळ निवडायला घेतली, ती अर्धी सोडून शिलाई मशीनला तेल घालायला गेले, तेलाची बाटली आज फ्रिजमध्ये सापडली. गोळीशिवायची मी ही अशी.

काका, माझी मोटार पळत नाहीये. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं होतं. मेंदूतल्या एका पेशीपासून दुसरीपर्यंत बारीक फट असते. निरोप न्यायला पहिली पेशी त्या फटीत एक रसायन सोडते, डोपामिन नावाचं; त्याचं एक भावंडही आहे. काम झालं की ती ते परत ओढून घेते. माझ्यासारख्यांत हा निरोप बहुधा पुरेशा जोराने पोचत नाही. गोळी ती परत ओढायची वाट काही तास अडवते. मग रसायन फटीत जास्त वेळ राहतं, आणि कपाळामागचा जो भाग आधी हे कर, ते थांबव असं सांगतो, त्याचं म्हणणं ऐकू यायला लागतं. संध्याकाळी असर उतरतो. भूक मरते, हेही खरं. पण वेग वाढत नाही, काका. ब्रेक आणि स्टेअरिंग हाताला लागतं.

तुमच्या भाषेत सांगू? पंख्याचा कंडेन्सर गेला की करंट असतो, वाइंडिंग चांगलं असतं, पंखा नुसता घूं करत राहतो. हाताने ढकलला की फिरतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

हे मला बाबांनी दाखवलं होतं, मी सात वर्षांची असताना, तुमच्याच दुकानात. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं होतं का, कारण हे पुष्कळदा रक्तातून येतं. तुम्ही तेव्हा नो पार्किंगमधली गाडी काढायला खाली गेला होतात. मी बाबांचं नाव सांगितलं. पाने-पक्कड शोधण्यात तास घालवणारे, मोटार उघडून तिच्यापुढे दुपारभर बसून राहणारे, आणि एकदा सुरू झाले की जेवणसुद्धा विसरणारे. तुम्ही त्यांना कामचुकार म्हणून काढलंत. आणि दारूचं म्हणाल, तर मी त्यांना प्यायलेलं एकदाही पाहिलं नाही. ते गेले तेव्हा दहा वर्षांची होते, तरी डोळे होते मला.

गोळी पुन्हा सुरू करायची तर डॉक्टरांकडे यावं लागेल. येईन की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
दिशा

*

सातपूर, नाशिक
१४ मार्च २०२५

चि. दिशा हीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि शटर ओढून घेतलं. पोरांना वाटलं, कोणी गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. गाडी नेली नाही, रिक्षाने गेलो. विचारलं, ही गोळी माझ्या भावाला, लखनला मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, न पाहिलेल्या माणसाचं निदान मी करत नाही, आणि गोळी सगळ्यांनाच लागू पडते असंही नाही. मी म्हटलं, बरोबर. पण तुझी कंडेन्सरची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली. म्हणाल्या, मेंदू एवढा सोपा नसतो, तरी सुरू न होणं कसं असतं ते यात दिसतं.

तुला कधी न सांगितलेलं सांगतो. अपघाताच्या दिवशी दुपारी लखनचा फोन आला होता. जीभ जड, वाक्य अर्ध्यावर सोडायचा. म्हणत होता, दादा, यंत्रमागवाल्याच्या अकरा मोटारी उघडून ठेवल्यात, सकाळपासून बसलोय, कुठून हात घालावा तेच कळेना, तू जरा बोलत राहा. मी चार मिनिटं ऐकलं. मग सांगितलं, उतरली की फोन कर. तो संध्याकाळी मोटारसायकल काढून नाशिककडे निघाला. हायवेवर ट्रकखाली गेला. तो माझ्याकडेच येत होता, दिशा. प्यायला होता म्हणून गेला, हे साऱ्या नात्यात मीच सांगितलं. तुलाही.

रोज सकाळी ढकललं की तो दिवसभर फिरायचा. वर्षानुवर्षं ढकलत होतो. एक दिवस हात दुखला, त्याला काढून टाकलं.

बुधवारी अकराची वेळ घेतलीय. गोळ्या पोस्टाने पाठवायच्या नसतात, तूच ये. या वेळी मी आत बसेन, गाडीचं काय व्हायचं ते होवो. गोळ्यांची पट्टी तुझ्या कपाटात राहील, किल्ली तुझ्याकडे. गोळीने भूक मरते म्हणून काकू सकाळीच पोटभर खायला घालणार आहे, तेवढी तयारी ठेव.

उरला असेल तेवढा लोभ ठेव. मागायचा हक्क नाही, तरी मागतो.
तुझा काका,
झुंबर

ता. क. अपघातानंतर मालेगावहून आलेलं रक्ताच्या तपासणीचं पाकीट मी नऊ वर्षं फोडलं नव्हतं. काल फोडलं. लखनच्या रक्तात दारू नव्हती.