आईच्या टोपलीतून किल्ली

सिराकूझा, रविवार

प्रिय मिम्मा,
तुला आणि मुलांना आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या घराचं छत गळतंय, दुसरीकडे उतर, असं कोर्रादोने फोनवर सांगितलं होतं. भावाच्या शब्दावर मी खोली शोधत हिंडले. बंदरावरचं हॉटेल गोंगाटाचं, नव्या शहरातलं समुद्रापासून लांब. शेवटी एक मासेवाला म्हणाला, "बाई, समुद्र हवाय ना? मग त्या कोपऱ्यावरच्या बाल्कनीखाली उभ्या राहा आणि हाक मारा. राणीसारखं ठेवतील!"

ती बाल्कनी आपलीच. मी हाक मारली. एका अनोळखी बाईने दोरीने किल्ली खाली सोडली, आईच्या पावाच्या टोपलीतून.

छत कोरडं ठणठणीत आहे. आईच्या खोलीत एक जर्मन जोडपं उतरलंय. मला तुझी खोली मिळाली.

"पडदे सुरेख आहेत," मी म्हणाले.

"मालकांच्या धाकट्या बहिणीने तोरिनोहून कशिदा भरून पाठवलेत," बाई कौतुकाने म्हणाली.

तुझा टाका मी आधीच ओळखला होता, मिम्मा. फक्त तो तुझा नाही असं कुणीतरी म्हणावं, एवढीच आशा होती.

उद्या मठाच्या पाहुणेघरात राहायला जाते. टोपली मी काढून घेतली आहे. गुडघ्याला शेक देत जा.

तुम्हा दोघांची थोरली,
एर्सिलिया