स्वच्छ वर्तुळ

३ जून
नोकरी लागली, तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, खिडकीत ऊनही येतं! काम औषधी वनस्पतींचे अर्क तपासायचं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. अर्कात दम असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ वर्तुळ उरतं. विभागप्रमुख बाई कामापुरतंच बोलतात. बाकीचे तेवढंही नाही.

७ जून
एका मुळीच्या अर्कानं कमाल केली, वर्तुळ थेट बशीच्या काठाला टेकलं! आनंदानं कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, पण शेजारी फक्त फ्रीज होता. फार एकटं वाटतं. आईला फोन करून म्हटलं, चार दिवस राहायला ये. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली.

८ जून
घसा धरला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच झापलं असतं, पण त्याच अर्काचे थेंब पाण्यात घालून गुळण्या केल्या. थोडं पोटातही गेलं. संध्याकाळी घसा मोकळा.

१० जून
माझ्या सगळ्या बश्या कोऱ्या, जंतू वाढलेच नाहीत. नुसत्या पाण्याची टिकली ठेवलेल्यासुद्धा. बाईंनी विचारलं, जंतुनाशक सांडलंस का. नाही म्हटलं. मग दुसऱ्या कुणीतरी तयार केलेल्या जंतूंच्या बशीत स्वतःचा अंगठा क्षणभर टेकवला आणि बशी तिथेच ठेवली.

११ जून
अंगठ्याच्या ठशाभोवती स्वच्छ वर्तुळ. घरी विरजलेलं दही लागलंच नाही. आधी हसू आलं. मग खिडकीतली कुंडी दिसली. पलंगाकडची पानं काळी पडलीत, बाहेरची हिरवीगार.

१२ जून
घरमालकीण गप्पा मारायला आली. किती बरं वाटलं! शेजारी बसली आणि बोलता बोलता तिचे ओठ निळे पडले. तिच्या लेकानं उचलून जिन्यात नेलं, तेव्हा कुठे श्वास परतला. वर्तुळ वाढतंय. विभागप्रमुख बाईंना फोन केला. रजा घे, झोप काढ म्हणाल्या. मला आता कुणी जवळ नको. नाही, हवंय. पण —

१३ जून
आईचा फोन बंद. निघाली असणार. आतून कडी लावलीय.

आली. ओरडून सांगितलं, परत जा. ती म्हणते, वेडी की काय तू, ताप आलाय का, दार उघड. मी खिडकीपर्यंत मागे सरकलेय. खोली एवढीशीच —

खोकतेय. दम लागला म्हणते, इथेच टेकते जरा. आई, खाली जा ना —

आवाज दाराच्या फटीतून येतोय. पार जमिनीजवळून.

आता येत नाही.

उचलायला जावं तर आणखी जवळ —