‘की’च्या मागून आलेला चहा

अप्पा, आपल्या सोलापुरात सात रस्त्याजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. दारावर ‘व्यवसाय सल्लागार’ अशी पाटी आहे. ती बघून तुम्ही म्हणाला असता, “म्हंजी दलालच की गं!” आणि मी चिडले असते. तुम्ही जन्मभर मागावरच्या चादरी-टॉवेलांची दलाली केलीत, नमुन्यांची पिशवी खांद्याला लावून. मी तेच करते, फक्त लॅपटॉप उघडून. दोन माणसांना समोरासमोर बसवायचं, भीड मोडायची, भागीदारी जुळवायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज भर दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलेय. कारण मी एक मोठा घोळ घालून ठेवलाय, आणि तो ज्या एका अक्षरावरून झाला, ते अक्षर तुम्हीच मला शिकवलं होतं.

मी नऊ-दहा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभं करून नवी पेठेत आणलंय. कापडाच्या दुकानात गादीवर बसून दुकानदार चादर चाचपतो, बाजूला सारतो आणि म्हणतो, “घेऊ की अप्पा, घेऊ की. बसा, चहा सांगतो.” तुम्ही लगेच उठून चपला शोधायला लागता. मी सगळ्यांदेखत ओरडते, “अप्पा, ते घेऊ म्हणाले की! तुम्ही कुठं निघालात?” गिऱ्हाइकं हसतात. दुकानदाराचं तोंड एवढंसं होतं. घरी आल्यावर आई भाकरी थापत होती, तिथंच पाटावर बसवून तुम्ही मला झापलंत. “शहाणे, सोलापुरात हरेक वाक्याला ‘की’ लागतो, त्याच्यावर जाऊ नको. ‘की’च्या मागनं काय येतंय ते बघ. ‘करू की, गुरुवारी ये’ म्हणला तर काम झालं. ‘करू की, चहा घे’ म्हणला तर चपला घालायच्या.” मी विचारलं, मग सरळ ‘नाही’ का म्हणत नाहीत? तुम्ही म्हणालात, “आपलं मन मोडू नये म्हणून. माणसाचं ‘नाही’ त्याच्या तोंडातनं वढून काढायचं नसतं गं. आपणच गुपचूप उचलून घरी आणायचं.” आई मधेच कानडीत, “तिळीतेनु?” कळलं का म्हणून. मी मान हलवली आणि भाकरीचा पापुद्रा तोंडात घातला. तुम्ही त्या दिवशी हसला नाहीत, एवढं अजून आठवतं.

तर आता ऐका. ज्या मालकांचे टॉवेल तुम्ही वर्षानुवर्षं विकलेत, घरात तेलुगू बोलणारे ते, त्यांचा कारखाना अजून चालू आहे. मालक थकलेत, पण रोज मागांमधून एक फेरी मारतातच. आणि मोहोळचा एक तरुण आहे, घरची शेती, याला मात्र शिलाईचं वेड. हॉटेलांना लागणारे टॉवेल, अंघोळीनंतर घालायचे झगे शिवून, पॅक करून द्यायचं त्याच्या डोक्यात होतं. मालकांचं विणकाम, याची शिलाई आणि बाजार. मला तर हे स्थळच वाटलं, इतकं नीट जुळणारं. पुण्याहून परत येऊन मला सहा महिने झाले होते आणि एकही भागीदारी जुळली नव्हती. जिथं जाईन तिथं, “अप्पांची पोरगी का तू? बस की.” बसवायचे सगळे, काम कोणी देत नव्हतं.

शेवटच्या बैठकीला मालकांकडं मी एकटीच गेले. सगळं मांडलं आणि विचारलं, “मग मालक, करायची का भागीदारी?” ते टॉवेलाचा काठ बोटानं कुरवाळत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “करू की पोरी. करू की.” आणि मान वळवून आत हाक दिली, “चहा सांगा.” मी चहा प्यायले, अप्पा. बशीत ओतून, फुर्रर करून प्यायले. जिना उतरता उतरता मोहोळला फोन लावला, “हो म्हणाले!” आणि संध्याकाळच्या मेलमध्ये लिहिलं, ‘मालकांची तत्त्वतः संमती.’ काय शब्द शोधला बघा, तत्त्वतः!

तो पठ्ठ्या कामाला लागला. महिन्याभरात शेडचा पाया भरला. दुसरीकडं शिवणकाम करणाऱ्या बारा बायकांना ते काम सोडायला लावून आपल्याकडं आणलं. मालक मात्र आज बरं नाही, उद्या लग्नाला जायचंय, असं करत राहिले. शेवटी मी कराराचे कागद घेऊन कारखान्यातच जाऊन बसले. मागांच्या खडखडाटात त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवले. “ह्या वयात पाटीवर दुसऱ्याचं नाव नको गं मला.” मी म्हटलं, “पण तुम्ही ‘करू की’ म्हणाला होता!” ते माझ्याकडं बघतच राहिले. “व्हय, ‘करू की’च म्हणलो. अप्पांच्या लेकीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुला कळंल वाटलं. तुला न्हाय कळणार तर कुणाला?” मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. निघताना त्यांनी थांबवलं. “त्या पोराला पाठव. भागीदारी नको, पण शिलाईचं काम देतो की. सोमवारी येऊ दे.” ऐकलंत? सोमवारी.

मोहोळला गेले तेव्हा तो शेडच्या नव्या पायावर पाणी मारत होता. बायका शेजारच्या झाडाखाली बसल्या होत्या, डबे घेऊन. भागीदारी होत नाही म्हटल्यावर त्यानं नळी खाली टाकली. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं. “म्याडम, तुमी हो म्हणलात म्हणून मी ह्यांना हितं आणलंय. मला एकच सांगा. त्या दिवशी ते खरंच हो म्हणले होते का?” बायका बोलायच्या थांबल्या. आणि मी म्हटलं, “म्हणाले होते. आता शब्द फिरवला त्यांनी.” इतक्या सहज बोलले की माझं मलाच खरं वाटलं. मग सोमवारच्या कामाचं सांगितलं, तर तो उसळला. “शब्द फिरवणाऱ्याच्या दारात मी लई गरज असली तरी जात न्हाय. आन चार लोकांत सांगणार बी हाय.”

सांगितलंच त्यानं. सोमवार गेला. बायका घरी बसल्यात, जुनं काम आता परत मिळत नाही. काल नवी पेठेत एक व्यापारी मला म्हणाला, “म्हातारा शब्द फिरवायला लागला म्हणे?” ज्या माणसानं तुमच्यासाठी माझं मन मोडलं नाही, त्याचं नाव मी बाजारात घालवलं. लाज वाटते अप्पा, सरळ सांगते, लाज वाटते.

आणि खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. मला त्या दिवशी कळलं होतं. त्यांनी चहाची हाक दिली तेव्हाच तुमच्या चपलांचा आवाज आला होता कानात. पण मला ‘हो’ हवं होतं, म्हणून मी चहा प्यायले.

तुमच्या शेवटच्या दिवाळीला तुम्ही पुण्याला फोन केला होतात, येतेस ना म्हणून. मी म्हटलं, “येईन की अप्पा. जेवलात का तुम्ही?” तुम्ही नुसतं “बरं” म्हणालात. नंतर आईनं सांगितलं, फोन ठेवून तुम्ही तिला म्हणालात, लेकीचं अंथरूण काढू नको, ती येत न्हाय. माझं ‘नाही’ तुम्ही गुपचूप उचलून घरी नेलंत, आणि मला कधी बोलून दाखवलं नाहीत. निदान आता तरी मला शहाणं व्हायला हवं. मोहोळला जाऊन त्याला खरं काय ते सांगेन की.

एवढं लिहिलं आणि चहा ठेवायला उठले. पाण्याला आधण येईपर्यंत कागद पुन्हा वाचला, तर वरचं शेवटचं वाक्य समोर आलं, ‘सांगेन की.’ गॅस बंद केला. त्या वाक्यापुढं जागा नव्हती, तरी समासात बारीक अक्षरात लिहिलं: गुरुवारी, सकाळी दहाला. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, तुमच्या नमुन्यांच्या पिशवीत ठेवून देते. वार तर लिहिलाय. मोहोळला फोन मात्र अजून केलेला नाही, अप्पा.