काउंटरखालचा धूप

देवपूर, धुळे
७ सप्टेंबर २०२५

ती. पुनीतभाऊ,

जय जिनेंद्र. तू, वहिनी आणि दुकान, तिघांची तब्येत चांगली असेल. इकडे पांझरेला पाणी आहे, घरात डास आहेत, बाकी चाललंय.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की 'आधी डिलीट कर' म्हणतोस. म्हणून कागद. घरी आपण मारवाडी बोलत असलो तरी शाळा दोघांचीही मराठी, आणि भांडायला मला मराठीच बरी पडते.

तुझं क्षमापनेचं कार्ड मिळालं. गुळगुळीत कागद, खाली दुकानाचं नाव. संवत्सरीला आपल्यात सगळेच सगळ्यांची माफी मागतात, तशी तूही मागितलीस. 'जाणते-अजाणते मन दुखावले असल्यास.' भाऊ, त्यातलं 'अजाणते' खोड आणि पुन्हा पाठव. मग बघू.

अर्हम आता बरा आहे, असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते. दोनदा डायलिसिस झालं, किडन्या हळूहळू कामाला लागल्यात. डोकं अजून ठिकाणावर नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या हातचा पाण्याचा ग्लास घेतो, उजेडात धरतो, आत बघतो आणि खाली ठेवतो. "मम्मी, यात काय टाकलंयस?" मग नर्स येऊन पाजते. मी बाहेर जाऊन बाकावर बसते.

होस्टेलवर पोरं बिघडतात म्हणून मी त्याला कॉलेजसाठी जळगावला तुझ्याकडे ठेवला. किती शहाणी मी! मागच्या चातुर्मासात महाराजसाहेबांनी तरुणांना नियम दिला, दारू नाही, तंबाखू नाही, गांजा नाही. अर्हम उभा राहिला. तूही मामा म्हणून शेजारी उभा राहिलास, फोटो आहे माझ्याकडे. त्यानंतर तुझ्याच दुकानात त्या चंदेरी पुड्या आल्या. 'हर्बल धूप मिश्रण, सेवनासाठी नाही.' पोरं ती कागदात वळून ओढतात हे तुला ठाऊक नव्हतं म्हणतोस. मग धूपच होता तर धुपाच्या फळीवर का नव्हता? अगरबत्ती, कापूर, गुग्गुळ सगळं वर आणि हाच एक काउंटरखाली? अर्हमनं तुला विचारलं होतं. तू म्हणालास, पाला आहे, यात नियम मोडत नाही. हे त्यानं मला शुद्धीवर आल्यावर सांगितलं, अडखळत, तुझी बाजू घेत.

पर्युषणाला तो घरी आला आणि अठाईला बसला. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. आमच्या आळीत एवढ्या लहान वयात कुणी केलेली नाही. पारण्याची पत्रिका छापली, त्याचा फोटो टाकला. तिसऱ्या दिवसापासून त्याची छाती धडधडायची, डोळे लाल, बोलताना मधेच थांबून गॅलरीकडे बघायचा. कुणी तरी उभं आहे म्हणायचा. बायका रोज 'शाता आहे ना', बरं आहे ना, विचारायला यायच्या, गाणी म्हणायच्या, आणि मी सांगायची, तपाचं तेज आहे, सोसायला जड जातंय. पाचव्या दिवशी तो पाण्याच्या उलट्या करत होता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते आणि डोक्यात वरघोड्याच्या मिरवणुकीचा बँड होता.

सहाव्या दिवशी सकाळी झटका आला. दातखीळ बसली, जीभ चावली गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही घेतो का हा? मी म्हटलं, साहेब, आमच्यात लसूणसुद्धा शिजत नाही. त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा मी लसूणच सांगितला. पुढे गांजाची तपासणी निगेटिव्ह आली. तो रिपोर्ट तू नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास, खाली हात जोडलेले. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, रिपोर्टवर जाऊ नका. हल्ली पोरं ओढतात त्या पुड्यांचा मला संशय आहे, त्यातला पाला नावाला असतो, त्यावर कारखान्यातलं रसायन फवारतात. नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाही. एका पुडीत किती आणि दुसरीत किती, बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. "पहिला दिवस मी उपवासाच्या अशक्तपणामागे धावत बसलो," ते म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतेय.

पुनीत, मी ती पुडी बघितली होती.

अठाईच्या दुसऱ्याच दिवशी, त्याची बॅग आवरताना. वास घेतला, वरचं वाचलं. सिगारेट नाही, गुटखा नाही, हिरवा ठिपका आहे, हुश्श केलं आणि होती तिथे ठेवली. आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ना, तेव्हा मला ती आठवली. लगेच आठवली. तरी बोलले नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. दुपारी कपडे आणायला म्हणून घरी गेले आणि पुडी ओल्या कचऱ्यात दाबून घंटागाडीत टाकून आले. तू विकलीस, मी लपवली. तुझ्यापेक्षा माझं जास्त वाईट, कारण तो माझा मुलगा आहे.

इथवर लिहायला मला अकरा दिवस लागले. अजूनही लिहिलं नसतं.

चार दिवसांपूर्वी आमच्या वॉर्डात आणखी एक पोरगा आणला. दीपक. धरणगावकडच्या खेड्यातला, अर्हमच्याच वर्गातला. जळगावहून इकडे हलवला, अजून शुद्ध नाही. त्याचे वडील मगनभाऊ, आई ताईबाई. दोघं त्याच बाकावर बसतात. ताईबाई मला रोज त्यांच्यातली भाकरी देते आणि मी घेते. काल मगनभाऊ हात जोडून म्हणाले, "ताई, तुमना पोऱ्या आन मना पोऱ्या एकच वर्गात शेत. डॉक्टर इचारी ऱ्हायनात, काय खादं पोऱ्यानी. तुमले काही माहीत शे का?"

मी म्हटलं, नाही.

तोंडातून सहज निघालं. सवयच झाली होती. रात्रभर मला स्वतःची किळस आली. आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. यावर नेमका उतारा नाही म्हणाले, पण पुडी हाती लागली तर तपासायला पाठवता येईल, पुढे कशावर लक्ष ठेवायचं ते कळेल, आणि उरलेल्या पोरांना वाचवता येईल. किती पोरांनी नेल्या ते तुलाच माहीत. पोलिसांतही जबाब देणार आहे. त्यात तुझं नाव येईल आणि माझंही. मला अडवायला आपल्या वडलांना, बाबूजींना, मधे घालू नकोस.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मी ते मगनभाऊंना वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही, घंटागाडीसुद्धा. ताईबाई उठून आत गेली. मगनभाऊ म्हणाले, "ताई, तवय काब्र नही सांगं?" तेव्हा का नाही सांगितलं.

मी म्हटलं, पत्र घेऊन मी जाते. ते म्हणाले, "मीच जास." माझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि का राहावा?

तेव्हा भाऊ, हा कागद ज्यांनी तुझ्या हातात दिला ते, आत्ता काउंटरपलीकडे उभे आहेत ते, मगनभाऊ आहेत. तू पत्र संपवेपर्यंत ते काही बोलणार नाहीत. तू वाकून खालचा खोका उचल, पुड्या त्यांच्या हातात दे, आणि त्यांनी मला विचारलेलं तुलाही विचारलं, तर मान खाली घालू नकोस. मी घातली होती.

चेलना