शक्य असेल तेथे

वाशी, ७ ऑगस्ट १९८३

प्रिय गणू,

परवा तुझी आई, पुतळामावशी, बोय माशांचं कालवण घेऊन घरी आली होती. खाडीत हल्ली एवढंच मिळतं, म्हणून डबा अर्धाच आणला, असं ओशाळून सांगत होती. कशाला त्रास घेतलास म्हटलं, तर म्हणाली, "तू आमचा अर्ज आत पोचवलास ना, म्हनून." तुझ्या स्मितावहिनीने ताट वाढलं, पण मी ते सरकवून दिलं. दाढ दुखतेय म्हणालो.

मार्चमध्ये तू घणसोलीची चाळीस माणसं आणि खाडीच्या पाण्याचा अर्ज घेऊन सरकारी खात्याच्या कचेरीत आलास, तेव्हा उघड्या दारातून मी तुला दिसलो. तू मागे वळून सगळ्यांना सांगितलंस, "घाबरू नका, आपला मानूस आत हाय." मला ते ऐकू आलं. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.

गणू, मी तुमच्यासाठी आत नव्हतो. मी कारखानदारांच्या संघटनेत आहे एवढं तुला ठाऊक. काम काय करतो ते मी कधी सांगितलं नाही. प्रत्येक कारखान्याने सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडावं, असा नियम तेव्हा तयार होत होता. तो सैल करून घेणं हे माझं काम. लाच वगैरे काही नाही. तसं असतं तर मी कधीच घाबरून सोडलं असतं. मी फक्त चार महिने दर मंगळवारी त्या कचेरीत जात राहिलो. तिथल्या साहेबांकडे माणसं कमी. आकडे, तक्ते, परदेशातले दाखले मी टाइप करून नेई. शेवटी तेच म्हणाले, मसुदाच लिहून आणा. मी त्यात 'शक्य असेल तेथे' एवढे तीन शब्द घातले. नियम तसाच निघाला. तुमच्या अर्जावर पोचेचा शिक्का बसला. साहेब वाईट नव्हते. अर्ज वाचून म्हणाले, "यांचं खरं आहे. पण हे एकदाच येतात."

बाबा तुमच्या शाळेवर मास्तर होते. तुझ्याशेजारी बसून मी लिहायला शिकलो, आणि ते असं कामी आणलं.

आता सव्वीस तारखेला त्या नियमाची फेरसुनावणी आहे. हरकत वीसच्या आत लेखी द्यायची असते. हे गावात कोणी सांगायला येणार नाही, म्हणून हे पत्र. सोबत तुमच्या बाजूचा मसुदा जोडलाय. मी लिहिलेल्यातला तो सगळ्यात चांगला आहे. सह्या घे आणि स्वतः नेऊन दे. सुनावणीला मी समोर, संघटनेच्या माणसांत बसलेला असेन. ते तीन शब्द मोठ्याने वाच. कोणी घातले असं विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखव. मी नाही म्हणणार नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
दिनानाथ