भवानी पेठेतला पाहुणचार

५ जानेवारी १९७५
पुन्हा मराठी! इथं सीमेवरच्या शहरात, भवानी पेठेत काशम्माच्या घरी राहून बारा दिवस झाले. नवऱ्याशी कन्नड, तिन्ही मुलींशी कन्नड, शेळीशीसुद्धा कन्नड. मी उंबऱ्यात पाय ठेवला की सगळं घर मराठीत! "पाहुण्यांम्होरं आपलंच बोलत बसणं बरं दिसत न्हाय की, बाई," म्हणते.

पुण्याहून सरांचं पत्र – १५ला परत या. सीमेवरच्या घरातलं कन्नड बोलणं कानी पडलंच नसेल, तर प्रबंधाचा विषय बदलू. दोन वर्षं पाण्यात!

८ जानेवारी
काशम्माच्या नवऱ्याकडून, शंकरप्पांकडून, पाहणीचा फॉर्म भरून घेतला. घरात माणसं किती? बोटं मोजून म्हणाले, पाच. मी समोरच बसले होते. बरोबरच आहे म्हणा. तरी लागलं.

९ जानेवारी
भाकरी थापली. फाटली. मुली हसल्या – मराठीत समजूत घातली!

१२ जानेवारी
वेळ अमावास्या – शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. सगळे बैलगाडीतून शेतावर. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपटी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पुढं आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. शंकरप्पा ज्वारीत आंबील शिंपडत फिरत होते. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या नागम्मानं बांधावरून हाक मारली – कन्नडमध्ये! मी वही घेऊन पळालेच. तिथं सगळे मनसोक्त बोलत होते. मी लिहीत गेले, नागम्मा वाढत गेली. पोट फुटेस्तोवर जेवले.

परतले तर आमच्या कोपीत सहा पत्रावळी मांडलेल्या. कुणी घास घेतला नव्हता. मुली भुकेनं कोमेजलेल्या. कुठं जेवले ते सांगितलं मात्र, काशम्मा कडाडली.

"नम्म होला बिट्टु अल्लि याक उंडी?"

आपलं शेत सोडून तिकडं का जेवलीस? मग कितीतरी वेळ तोंडाचा पट्टा. निम्मं कळलं. परका माणूस बोलावतील तिथं जेवतो. घरच्यानं आधी आपल्या कोपीत बसायचं. मला इतकी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला, की रडूच आलं. काशम्मानं पदरानं माझं तोंड पुसलं – तेही रागावतच. पुन्हा जेवले. वही उघडायचं राहूनच गेलं. घरी येईपर्यंत कुणी मराठीत बोललं नाही.

१३ जानेवारी
सकाळी शंकरप्पांनी फॉर्म परत मागितला. म्हणाले, "त्ये पाच खोडा. सहा लिवा."

सर म्हणतील, असा फॉर्म बाद. होऊ दे बाद! सहा लिहिलं.